शेतातल्या आखाड्यावरच्या डिजिटल घड्याळात एलईडी बसवायचा, तर आधीची तयारी

सामान आणायला निघायच्या आधी घड्याळ उघडा आणि काचेच्या मागून मोबाइलचा टॉर्च लावून बघा. उजेड समोर येतो का? एवढं बघितल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. मागच्या वेळी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं आणि चांगलं चालतं घड्याळ कामातून गेलं, म्हणून ही यादी लिहितोय.

घड्याळ म्हणजे ते साधं टेबलावरचं. राखाडी काच, काळे आकडे, एका पेन्सिल सेलवर महिनोन्‌महिने चालणारं, पण अंधारात काहीच न दिसणारं. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी शेतीपंपाची थ्री फेज लाईट अजूनही पाळीनं येते. रात्रपाळीच्या आठवड्यात हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर माणूस आखाड्यावर मुक्कामाला असतो. लाईट किती वाजता आली, किती तास झाले, दुसऱ्या वावरात दारं कधी फिरवायची, यासाठी वेळ दिसायला लागते. मोबाइल आहे की, असं सांगू नका. चिखलाच्या हातानं मोबाइल कोणी काढत नाही, आणि आमच्या आबांना त्यावरचे बारीक आकडे दिसत नाहीत.

आता काचेचं नीट सांगतो, कारण सगळं काम यावर अडतं. या काचेच्या पुढं आणि मागं पोलरायझर नावाची पातळ फिल्म चिकटवलेली असते. स्वस्त घड्याळांत मागच्या फिल्मला चंदेरी थर असतो. दिवसाचा उजेड समोरून आत शिरतो, त्या चंदेरी थरावरून परत फिरतो, म्हणून आकडे दिसतात. अशा काचेच्या मागं कितीही एलईडी लावा, उजेड तिथंच अडतो. मग वाटतं, तो चंदेरी कागद खरवडून काढू. काढू नका! त्याच्यासोबत पोलरायझरही निघून येतो आणि तो निघाला की काचेवर एकही आकडा उरत नाही. सर्किट ठणठणीत चालू असतं, पण काच कोरी. नवी पोलरायझर फिल्म मिळते, पण ती योग्य कोनातच बसवावी लागते. नव्वद अंशांनी फिरली तर काळ्यावर पांढरे आकडे दिसतात. शिवाय जुना गोंद घासताना पातळ काच तडकते. घरातलं एकुलतं घड्याळ असेल तर त्या वाटेला जाऊच नका.

म्हणून पुन्हा सांगतो, आधी टॉर्च. अंधाऱ्या खोलीत बघा. मागून लावलेला उजेड मंद का होईना समोर आला, तर एलईडी मागं बसवता येईल, मध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवायचा म्हणजे उजेड पसरतो. अजिबात आला नाही, तर एलईडी पुढून, काचेच्या कडेला, तिरका. दोन्ही कामांचं सामान, भोकाची जागा, वायरची लांबी वेगळी. हे ठरल्याशिवाय घड्याळाच्या डब्याला भोक पाडू नका.

दुसरी गोष्ट वीजपुरवठ्याची. घड्याळाचा एक सेल दीड व्होल्टचा. लाल एलईडीला साधारण 2 व्होल्ट लागतात, पांढऱ्याला 3 च्या आसपास. म्हणजे त्या सेलवर कुठलाच एलईडी थेट पेटणार नाही. पेटवण्याची युक्ती आहे, पण घड्याळ ज्या करंटवर चालतं तो मायक्रोअँपिअरमध्ये मोजायचा आणि एलईडीचा मिलिअँपिअरमध्ये. सेल लवकर उतरेल आणि वेळही पुसली जाईल. एलईडीला वेगळे दोन पेन्सिल सेल, वेगळा डबा. घड्याळाच्या सर्किटला एकही वायर जोडायची नाही. सेलच्या वायरी काचेच्या टोकांना लावून बघायचा मोह तर अजिबात नको. ती काच उलटसुलट बदलत्या विजेवर चालते, सरळ डीसी करंटनं खराब होते.

रंग लालच घ्या. दोन सेलचे 3 व्होल्ट पांढऱ्याला जेमतेम पुरतात आणि सेल थोडे उतरले की तो मिणमिणतो. लाल उजेडात अंधाराला सरावलेले डोळेही दिपत नाहीत. वेळ बघून लगेच बांधावर पाय टाकायचा असतो, तिथं याची किंमत कळते.

एलईडीचा करंट आवरायला रेझिस्टर 470 ओहम, त्यावरचे पट्टे पिवळा जांभळा तपकिरी. 3 व्होल्टमधून एलईडीचे 2 गेले, उरलेला 1 या रेझिस्टरवर पडतो आणि करंट 2 मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. तेवढा जवळून बघायला पुरतो. दोन एलईडी लावणार असाल तर दोघांना आपापला रेझिस्टर. एकाच रेझिस्टरवर दोन चालवले की उजेड सारखा पडत नाही. एलईडीचा लांब पाय प्लसला.

दाबून धरलं तेवढाच वेळ चालू राहणारं पुश बटन आणा. चालू-बंदचा स्विच आणला तर कधीतरी चालू राहणारच. दोन एलईडीचे 4 मिलिअँपिअर रात्रंदिवस चालले तर चांगले सेलही तीन आठवड्यांत संपतात. बाकी बारीक वायर, जोडावर चढवायची प्लास्टिकची नळी म्हणजे स्लीव्ह, पॉलिश पेपर. गोल बटनसेल वापरणार असाल तर लहान लेकरांपासून लांब ठेवा, गिळला तर जिवावर बेततं.

घड्याळ उघडताना एक जागा सांभाळायची. काच आणि सर्किट बोर्ड यांच्यामध्ये रबराची बारीक पट्टी असते, झेब्रा म्हणतात तिला. काचेला वायर नसतेच, सगळा संपर्क त्या पट्टीतून. तिला बोट लावू नका, घाम-तेल लागलं की आकड्यांच्या रेघा गायब होतात आणि आठचा सहा दिसायला लागतो. पट्टी जागेवरून सरकली तरी तेच. लागलंच बोट, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून वाळू द्या. उघडण्याआधी फोटो काढून ठेवा.

आणि काच हातात आलीच आहे तर, टॉर्च लावलात का? नसेल तर आत्ता लावा.

सोल्डरिंग काचेपासून लांब, बाहेरच करून घ्या, मग तयार जोड आत बसवा. 25 वॉटचं मशीन पुरे. एलईडीचं टोक पॉलिश पेपरनं घासा, म्हणजे एका जागी ठिपका पडत नाही. कडेनं लावताना आधी नुसता हातात धरून अंधारात कोन बघा, मग चिकटवा. हॉट ग्लू नको, उन्हाळ्यात पत्र्याखाली सैल पडतो, इपॉक्सी घ्या. त्याच पत्र्याखाली काच तापून पूर्ण काळी पडली तर घाबरू नका, सावलीत गार झाली की आकडे परत येतात.

स्क्रू सगळे थोडे थोडे आवळत न्या. आकडे पूर्ण दिसतात का बघा. वेळ लावा. हंगाम संपला की एलईडीचे सेल काढून ठेवा, नाहीतर गळतात.