एंडनोटमध्ये रुमाल कुठे बसवायचा?

पेशवे दप्तरावर काम करणाऱ्यांना हे लवकरच कळतं: एंडनोट या संदर्भ साठवून सूची करून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या संदर्भ-प्रकारांच्या यादीत पुस्तक आहे, प्रबंध आहे, मॅन्युस्क्रिप्टही आहे, पण मोडी कागदासाठी सोयीचं काही नाही. मग जो तो मॅन्युस्क्रिप्ट निवडतो आणि रुमालाचा, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याचा, नंबर नोट्समध्ये टाकतो. करू नका. नोट्स संदर्भसूचीत उतरत नाहीत, आणि सबमिशनच्या तोंडावर एकेक नोंद उघडत बसावं लागतं.

प्रेफरन्सेसमधल्या रेफरन्स टाइप्समध्ये मॉडिफाय करायला गेलात की अनयूज्ड १, २, ३ असे तीन रिकामे प्रकार दिसतील. एकाला 'मोडी कागद' नाव द्या. ऑथरसमोर 'प्रेषक', सेकंडरी ऑथरसमोर 'प्राप्तकर्ता', व्हॉल्यूमसमोर 'रुमाल'. शकातली तारीख कस्टम १ मध्ये. इयरमध्ये फक्त इसवी सन, नाहीतर शके १६८२ आणि इ.स. १७६० एकाच सुमाराचे असून क्रमात लांब पडतात.

आता खरी गोम. तुम्ही दिलेली ही नावं लायब्ररीत साठत नाहीत, त्या संगणकाच्या सेटिंगमध्ये साठतात. माझी लायब्ररी विभागातल्या संगणकावर उघडली तेव्हा 'मोडी कागद' गायब, पुन्हा अनयूज्ड १, आणि रुमालाच्या जागी व्हॉल्यूम. घाबरू नका, माहिती जागेवरच असते, नुसत्या पाट्या गेलेल्या असतात. पण त्या भरात व्हॉल्यूममधले आकडे 'दुरुस्त' करायला लागलात, तर मात्र वाट लागली. लायब्ररी पेनड्राइव्हवर नेली, कॉम्प्रेस करून मेल केली, तरी पाट्या मागेच राहतात. त्यासाठी रेफरन्स टाइप्समधूनच एक्स्पोर्ट करून एक्सएमएल फाइल घ्यायची आणि दुसरीकडे इम्पोर्ट करायची. संगणक दुसऱ्याचा असेल तर आधी त्याची मांडणी एक्स्पोर्ट करून ठेवा, भांडणं टळतात.

एवढं करूनही सूची विचित्र येईल, कारण आउटपुट स्टाइलला, म्हणजे नोंद सूचीत कशी दिसावी ते ठरवणाऱ्या फाइलला, तुमचा प्रकार माहीतच नाही. त्या प्रकाराचं टेम्प्लेट नसलं की ती जेनेरिक या सर्वसाधारण प्रकाराचं वापरते. स्टाइलची प्रत काढून बिब्लिओग्राफी आणि फुटनोट दोन्हीकडे टेम्प्लेट घाला. इतिहासवाल्यांचं निम्मं आयुष्य तळटिपांत जातं. सीनियरची तयार स्टाइल मागून आणू नका, त्याचे रुमाल त्याने कुठल्या फील्डमध्ये कोंबलेत ते त्यालाही आठवत नसतं.

गाईड म्हणतील, शेवटी हाताने टाइप करून टाका. पंधरा-वीस कागद असतील तर त्यांचं ऐका.