कम्युनिटी कॉलेजमधून यूसीला ट्रान्सफर: घरच्यांनी काय मदत करायची

कॅलिफोर्नियात आपल्याकडचं कोणाचं पोर कम्युनिटी कॉलेजला गेलं की लोक आवाज खाली करून बोलतात, ते आधी बंद करा. इथल्या रहिवाशांना सेमिस्टरच्या युनिटमागे (युनिट म्हणजे कोर्स मोजायचं माप, क्रेडिट) 46 डॉलर फी, आणि दोन वर्षं नीट झाली की तेच पोर यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, तिसऱ्या वर्षाला जाऊन बसतं, डिग्री यूसीचीच.

आता नीट म्हणजे काय, तर 60 सेमिस्टर युनिट्स (डी अँझा, फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर, म्हणजे सेमिस्टरहून छोट्या टर्मवर चालतात, तिथे 90) आणि ती सुद्धा योग्य कोर्सेसची. म्हणून पहिल्या टर्मचे कोर्स घ्यायच्या आधीच असिस्ट डॉट ऑर्ग उघडा, पोराच्या शेजारी बसा, कॉलेज, युनिव्हर्सिटी आणि मेजर (डिग्रीचा मुख्य विषय) टाका की कुठला कोर्स कशाच्या बदल्यात धरतात ते दिसतं. यूसीच्या तीन-चार कॅम्पसचं बघा, एकाच मेजरला प्रत्येकाची यादी वेगळी असते. आणि कॅलक्युलस, फिजिक्ससारखी सिरीज एकाच कॉलेजात पूर्ण करायला सांगा. माझ्या भाचीने अर्धी क्वार्टरवाल्या कॉलेजात केली, उरलेली सेमिस्टरवाल्यात, ते जुळलंच नाही आणि एक कोर्स परत करावा लागला, तेव्हा तिचा उतरलेला चेहरा अजून आठवतो. काउन्सेलरला दर टर्मला भेटायला लावा, पण यादी स्वतःची घेऊन.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला टॅग, म्हणजे अ‍ॅडमिशनची हमी. ही डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ यातल्या एकाच ठिकाणी मागता येते, फॉर्म 1 ते 30 सप्टेंबर, जीपीएची (ग्रेड्सच्या सरासरीची) अट मेजरप्रमाणे बदलते आणि काही मेजर्सना टॅग नसतोच. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगोला टॅग नाही, तिथे नुसता अर्ज. टॅग भरला तरी मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरावाच लागतो, आणि जानेवारीत नवे ग्रेड्स टाकून तो अपडेट करायचा असतो, हे खूप जण विसरतात.

अर्जात चार उत्तरं असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त 350 शब्द, मेजरची तयारी कशी केली हा प्रश्न सगळ्यांना सक्तीचा. आपली पोरं शनिवार-रविवार दुकानात उभी राहतात, आजीला दवाखान्यात नेतात आणि ते लिहीतच नाहीत, "त्यात काय सांगायचं" म्हणतात! तेच सांगायचंय. तुम्ही फक्त प्रश्न विचारा, लिहू दे त्यालाच.

कॅल स्टेटला (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, ही यूसीहून वेगळी) जायचं असेल तर कम्युनिटी कॉलेजातली एडीटी, म्हणजे ट्रान्सफरसाठीची असोसिएट डिग्री बघा, तिने कॅल स्टेटमध्ये जागा नक्की मिळते, हव्या त्याच कॅम्पसला मिळेल असं मात्र नाही.

यूसीचं उत्तर आलं की बहुतेक वेळा 1 जूनपर्यंत होकार कळवायचा असतो. तोवर एखादा कोर्स ड्रॉप करायची वेळ आलीच तर आधी त्या कॅम्पसला विचारायचं, मगच ड्रॉप करायचा.