मोठ्या ऑपरेशनआधीचे चार आठवडे: हृदय आणि स्नायू कसे तयार करावेत

ऑपरेशनची तारीख ठरली की घरातले सगळे एका सुरात सांगतात, "आता काही करू नका, पडून राहा, ताकद राखून ठेवा." सल्ला मायेचा असतो, पण उलटा असतो. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता पाव हिश्शाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा वयाने जेवढं नेलं नव्हतं तेवढं त्या तीन आठवड्यांनी नेलं होतं, असं दिसलं. म्हाताऱ्या पण निरोगी माणसांवरचा असाच एक प्रयोग आहे. त्यात दहा दिवसांत पायांचं साधारण एक किलो मांस गेलं.

हा लेख ठरवून होणाऱ्या मोठ्या ऑपरेशनसाठी आहे. डोळ्यांसमोर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठेवलंय, कारण या विषयातलं बरंच संशोधन त्यावर झालंय. तातडीच्या ऑपरेशनला यातलं काही लागू नाही.

आधी हे समजून घ्या: शरीरावर भार कसला पडतो

टाके घातले म्हणजे काम संपलं असं शरीराला वाटत नाही. मोठ्या ऑपरेशननंतर नुसतं पडून असलेल्या माणसालाही प्राणवायू नेहमीपेक्षा जवळपास दीडपट लागतो, आणि तो काही तास नव्हे, काही दिवस लागतो. तो पोचवायचं काम हृदयाचं. ज्याचं हृदय जिना चढताना आरामात आहे त्याला हा भार जाणवतही नाही. पण ज्याला न्हाणीघरापर्यंत जाताना धाप लागते, त्याच्याकडे शिल्लकच थोडी असते, आणि ती या दिवसांत संपते.

स्नायूंची गोष्ट वेगळी. जखम भरायला आणि जंतूंशी लढायला लागणारी प्रथिनं शरीर स्नायू मोडून मिळवतं. त्यात चार दिवस जेवण धड नसतं, म्हणजे मोड आणखी वाढते. रक्तातली साखर उचलण्याचं मोठं कामही स्नायूच करतात, आणि ऑपरेशनच्या ताणाने साखर चढते ती मधुमेह नसलेल्यांचीही. व्यायाम केलेला स्नायू ती साखर जास्त सहज ओढून घेतो.

चार आठवड्यांत बदलतं काय? पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग वाढतो, हृदय जास्त भरतं, दर ठोक्याला जास्त रक्त बाहेर पडतं आणि तेच काम कमी नाडीत होऊ लागतं. मग स्नायूंच्या आतली प्राणवायू वापरणारी यंत्रणा वाढते. ताकद वाढते ती सुरुवातीला स्नायू जाड झाल्यामुळे नव्हे, तर मेंदू आहे तोच स्नायू जास्त चांगला कामाला लावतो म्हणून. तेव्हा आरशात काही दिसलं नाही तर नाराज होऊ नका.

पहिली पायरी: परवानगी

सर्जन आणि भूलतज्ज्ञ, दोघांनाही स्पष्ट विचारा: "मी रोज दमेपर्यंत चाललो तर चालेल का?" छातीत दुखत असेल, नुकताच हार्ट अटॅक आला असेल, हृदयाची झडप फार अरुंद झाली असेल, महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फुगलेली असेल, बसल्या जागी बीपी १८०/११० च्या वर असेल किंवा चक्कर येऊन पडणं झालं असेल, तर हा कार्यक्रम घरच्या घरी सुरू करायचा नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी त्यावर उपचार. आतड्याच्या कॅन्सरमध्ये ते बऱ्याचदा कमी असतंच, आणि मग माणूस व्यायामाने नव्हे, रक्ताअभावी दमतो.

एक गोष्ट मात्र पक्की: व्यायामासाठी म्हणून ऑपरेशन स्वतःच्या मनाने पुढे ढकलायचं नाही.

दुसरी पायरी: मोजमाप

"मी तसा फिट आहे" यावर कोणी विसंबू नये, डॉक्टरांनीसुद्धा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात डॉक्टरांचा नजरेचा अंदाज सपशेल कमी पडला. रोजची कामं विचारणारी साधी प्रश्नावली त्यापेक्षा सरस ठरली. म्हणून तीन गोष्टी मोजून वहीत लिहा.

सहा मिनिटांत किती अंतर चालता: सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गल्लीत तीस मीटर मोजून खुणा करा आणि फेऱ्या घाला. न थांबता दोन मजले चढता येतात का. आणि अर्ध्या मिनिटात हात छातीवर बांधून खुर्चीतून किती वेळा उठता. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची मोकळी ठेवली की ती मागे सरकते आणि माणूस जमिनीवर. हीच मोजणी दर आठवड्याला, त्याच वेळी, त्याच चपला-बुटांत करा.

तिसरी पायरी: हृदयासाठी चालणं, पण नुसतं फिरणं नव्हे

संध्याकाळी गप्पा मारत केलेली शतपावली पचनाला चांगली, हृदयाला तेवढी पुरत नाही. मापदंड असा: चालताना दोन-चार शब्द बोलता यावेत, अख्खं वाक्य एका दमात येऊ नये. शून्य ते दहाच्या मापात दमणूक पाच-सहावर.

पहिल्या आठवड्यात रोज वीस मिनिटं आपल्या चालीने, मध्ये चार वेळा एकेक मिनिट झपाझप. दुसऱ्या आठवड्यात झपाझप चालणं दोन मिनिटांचं, पाच वेळा. तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, अशी चार-पाच आवर्तनं, आठवड्यातून तीन-चार दिवस. उरलेल्या दिवशी साधं चालणं. पावसाळा असेल तर जिना आहेच. सुरुवातीला आणि शेवटी पाच मिनिटं सावकाश चालायला विसरू नका.

मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल या बीपी-हृदयाच्या गोळ्यांपैकी एखादी चालू असेल तर मनगटावरच्या घड्याळातली नाडी बघू नका. ही औषधं नाडी चढूच देत नाहीत, तेव्हा बोलण्याचा मापदंडच खरा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. छातीत दडपण, डोळ्यांपुढे अंधारी किंवा नाडी अनियमित वाटली की तिथेच थांबायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

चौथी पायरी: पाय आणि दंड

आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. खुर्चीतून उठबस, ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायरीवर चढ-उतार, भिंतीवर हात टेकून दंड. प्रत्येकी आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. सहज होत असेल तर हातात पाण्याच्या एकेक लिटरच्या बाटल्या घ्या. उठताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. यातही उठबस सर्वांत मोलाची, कारण ऑपरेशननंतर तुम्हाला नेमकं तेच करायचं असतं: पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून उभं.

पाचवी पायरी: श्वास

वेळ अगदी कमी असेल आणि एकच गोष्ट करता येणार असेल, तर ही करा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाच्या ऑपरेशनआधी ४४१ रुग्णांवर एक चाचणी झाली, ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. फिजिओथेरपिस्टने ऑपरेशनआधी एकदाच, अर्धा तास बसून श्वास कसा घ्यायचा आणि का, हे शिकवलं. नुसती पुस्तिका मिळालेल्यांच्या तुलनेत या गटात फुप्फुसाचे त्रास निम्म्यावर आले.

कारण साधं आहे. पोट दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो, फुप्फुसाचा तळ मिटतो, कफ साचतो. करायचं असं: ताठ बसून नाकाने सावकाश, पोटाच्या कडांपर्यंत श्वास भरा, तीन ते पाच सेकंद धरा, सोडा. दहा श्वास, मग पोटावर उशी दाबून दोनदा खोकला, पुन्हा दहा. शुद्धीवर आल्यानंतर जागेपणी दर तासाला हेच करायचं आहे, तेव्हा सवय आत्ताच हवी.

तीन चेंडूंचं स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं छोटं यंत्र, मेडिकलमध्ये मिळतं. त्यात हवा ओढायची असते. निम्मी माणसं जोर लावून फुंकतात आणि चेंडू हलत नाही म्हणून यंत्र खराब ठरवतात. आणि तिन्ही चेंडू झटक्यात वर उडवण्यापेक्षा एकच चेंडू दोन-तीन सेकंद वर टिकवणं जास्त उपयोगी.

सहावी पायरी: ताट

व्यायाम केला आणि प्रथिनं दिली नाहीत तर स्नायू वाढणार कशाने? रोज वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम धरा. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम झाले. आपल्या वरणभाताच्या ताटात ते आपोआप येत नाही. वाटीभर वरणात जेमतेम पाच-सात ग्रॅम असतं. दोन अंडी बारा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीर अठराच्या आसपास, पेलाभर दूध सहा-सात, तीस ग्रॅम सोयाबीन वडी पंधरा. मटकीची उसळ, दही, मासे यांनी बाकीचं भरून काढा. एकाच जेवणात कोंबू नका, तीन-चार वेळा वाटून घ्या. किडनीचा आजार असेल तर हा हिशोब डॉक्टरांकडूनच करून घ्यावा. आणि तंबाखू, बिडी, दारू चार आठवडे आधी बंद. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

फायदा किती?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, आतड्याच्या कॅन्सरच्या २५१ रुग्णांपैकी निम्म्यांना चार आठवडे व्यायाम, आहार आणि मानसिक आधार दिला. गंभीर गुंतागुंत या गटात शंभरात सतरा जणांना झाली, नेहमीच्या उपचारांच्या गटात तीस जणांना. मात्र तिथे व्यायाम आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली होत होता. घरी एकट्याने केलेल्या व्यायामाचे निकाल एवढे ठळक नाहीत, आणि मला त्याचं मुख्य कारण कंटाळा वाटतं. म्हणून शक्य असेल तर आठवड्यातून एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडे जा. नाहीच जमलं तर वही घरातल्या कडक माणसाच्या हाती द्या. शाळेतला नातू किंवा नात या कामाला उत्तम.

शेवटचे दोन दिवस, आणि तारीख सरकली तर

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी जोराचं चालणं आणि वजनं बंद. श्वास आणि हलकं फिरणं चालू. उपास भूलतज्ज्ञ सांगतील तेवढाच करा, पुण्यासाठी वाढवू नका.

तारखा सरकतात. खोकला झाला, विम्याची मंजुरी अडकली, बेड रिकामा नाही, काहीही होतं. ताप किंवा खोकला असेल तर बरं होईपर्यंत विश्रांती, मग दुसऱ्या आठवड्याच्या पातळीवरून सुरुवात. नुसतीच तारीख लांबली असेल तर चौथ्या आठवड्याचा कार्यक्रम तसाच चालू ठेवा, आणि मोजणीचा दिवस चुकवू नका.