टर्फ कोर्ट: आधी पाया, मग गवत

टर्फ म्हणजे कृत्रिम गवत खचतं, पाणी साचतं, चेंडू वेडावाकडा उसळतो. यात दोष बहुतेक वेळा गवताचा नसून पायाचा असतो. 10 ते 15 सेंमी माती काढा, तळाशी जिओटेक्स्टाइल कापड (पाणी झिरपू देणारं, पण माती आणि खडी वेगळी ठेवणारं) अंथरा आणि बारीक खडी दोन थरांत भरा. प्रत्येक थरावर पाणी शिंपडून प्लेट कॉम्पॅक्टर (खडी दाबून घट्ट करणारं यंत्र) फिरवा. सगळी खडी एकदम ओतून दाबली, तर खालचा भाग पोकळच राहतो. उतार मीटरला 1 सेंमी पुरे. टर्फच्या पट्ट्यांची पाती एकाच दिशेला हवीत, नाहीतर जोड लांबूनही दिसतो. जोडाखाली टेप आणि गोंद; नुसत्या खिळ्यांवर भागवू नका. सिलिका वाळू (पात्यांमध्ये भरायची वाळू) कोरड्या दिवशीच, थोडी थोडी पसरून ब्रशने आत उतरवा. ओल्या पात्यांत तिचे गोळे होतात.