जर्मनीत आलेल्या नर्स, डॉक्टर, इलेक्ट्रिशियनला स्वतःच्या कामात परत आणायचं असेल तर

जर्मनीत राहत असाल तर असं कुणीतरी तुमच्या ओळखीत असणारच. सांगलीकडची जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली पोरगी, नवऱ्यामागे आली आणि आता घरी बसून आहे, किंवा शेजारच्या बिल्डिंगमधला सिरियन, तिकडे पंधरा वर्षं वायरिंग केलेला आणि इथे गोडाऊनमध्ये खोकी उचलतोय. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल कामगार पाठवायचा करार केला, त्यामुळे आपल्याकडून विचारणाऱ्यांचे मेसेजही वाढलेत. तर अशा माणसाला नेमकी मदत कशी करायची ते लिहितोय.

सगळ्यात आधी एकच गोष्ट बघायची, त्याचं काम लायसन्सवालं आहे की नाही. नर्स, डॉक्टर, फार्मासिस्ट, सरकारी शाळेतला शिक्षक यांना आनएरकेनुंग म्हणजे मान्यता मिळाल्याशिवाय त्या पदावर काम करताच येत नाही. सॉफ्टवेअरवाला, अकाउंटंट, मार्केटिंगवाला यांना मान्यतेची गरज नाही, त्यांनी सरळ अर्ज टाकायला लागावं, फारतर आनाबिन नावाच्या सरकारी डेटाबेसमध्ये आपली युनिव्हर्सिटी आणि डिग्री कशी नोंदली आहे ते बघावं आणि तिथे नसेल तर त्साब या संस्थेकडून डिग्रीचं तुलनापत्र मागवावं. इंजिनियर मधे लटकतो, नोकरी करायला अडचण नाही पण नावापुढे इंगेनियोर लावायला त्या राज्याची परवानगी लागते. इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर, कूक यांना नोकरीसाठी मान्यता सक्तीची नसते पण असली तर पगारात फरक पडतो, मालक विश्वास ठेवतो आणि व्हिसाला उपयोग होतो. मान्यतेसाठी कारागिरीचे धंदे हांडवेर्क्सकामर म्हणजे कारागिरांच्या चेंबरकडे आणि कारखाना-व्यापार-हॉटेलवाले बहुतेक न्युर्नबर्गच्या इहाका फोजाकडे, म्हणजे उद्योग-व्यापार चेंबरांच्या मान्यता केंद्राकडे जातात.

अर्ज कुठे करायचा हे स्वतः शोधत बसू नका, राज्याराज्याचं ऑफिस वेगळं असतं (बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये नर्ससाठी श्टुटगार्टचं रेगीरुंग्सप्रेझिडियुम म्हणजे विभागीय सरकारी कचेरी). ‘आनएरकेनुंग इन डॉईचलांड’ हे सरकारी पोर्टल आहे, त्यात व्यवसाय आणि गाव टाकलं की पत्ताच येतो. आणि मान्यतेबद्दल सल्ला देणाऱ्या ईक्यू नेटवर्कचे सल्लागार बहुतेक शहरांत आहेत, फुकट असतात, माणसाला घेऊन तिथे जा. अजून भारतातच असेल तर बॉनची त्सेटएसबीए नावाची सेवा फोन-ईमेलवर हेच काम करते, तेही फुकट. एजंटला हजारो रुपये देण्याआधी हे दोन दरवाजे ठोठवा एवढंच म्हणेन.

आता खरं काम, कागद. इथला अधिकारी डिग्रीचं नाव बघत नाही, आत काय शिकवलं आणि किती तास शिकवलं ते बघतो, म्हणून ट्रान्सक्रिप्टमध्ये विषयवार थिअरीचे तास आणि वॉर्डवार प्रॅक्टिकलचे तास असलेच पाहिजेत. नुसती मार्कशीट घेऊन गेलं की कागद परत. नर्स असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हाताशी ठेवा, काही ऑफिसं गुड स्टँडिंगचं पत्रही (रजिस्ट्रेशन चालू आहे, तक्रार नाही असं कौन्सिलचं पत्र) मागतात. हे सगळं निघायच्या आधी तिकडेच करून आणलेलं बरं, इथून भावाला कॉलेजच्या क्लार्कमागे पळवणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

अनुभवपत्रावर जास्त वेळ द्या, कारण शिक्षणात जे कमी पडलं ते कामाच्या अनुभवाने भरून निघू शकतं, पण तो अनुभव कागदावर दिसला तर. आपल्याकडची हॉस्पिटलं काय लिहून देतात, ‘सदर परिचारिका आमच्याकडे कार्यरत होती, वर्तणूक चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा’. याचा इथे शून्य उपयोग. पाहिजे असं: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, पूर्णवेळ, आठवड्याला इतके तास, मेडिकल आयसीयू, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची देखभाल, औषधं देणं, ड्रेसिंग, केअर प्लॅन लिहिणं, नवीन नर्सना शिकवणं. खाली सही, शिक्का, तारीख. मसुदा तुम्हीच इंग्रजीत टाईप करून मेट्रनकडे पाठवा, तिचाही वेळ वाचतो आणि कागद हवा तसा मिळतो.

नावाचा घोळ आपल्या लोकांचा हमखास. मार्कशीटवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी, लग्नानंतरच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव नि सासरचं आडनाव, कौन्सिलवर माहेरचंच. इथल्या क्लार्कला वाटतं ही तीन वेगळ्या बायकांची कागदपत्रं आहेत. लग्नाचा दाखला, राजपत्रात नाव बदललं असेल तर तेही, भाषांतर करून फाईलमध्ये सगळ्यात वर लावा.

भाषांतर जर्मनीतल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घेतलेलं बरं, पण कुठले कागद इंग्रजीत चालतात ते आधी ऑफिसला ईमेल करून विचारा, उगाच पानापानाचे पैसे जातात. अपोस्टिल म्हणजे कागद खरा आहे हे परदेशात दाखवायचा सरकारी शिक्का, त्याचंही तेच. भारत २००५ मध्ये अपोस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली होती, म्हणजे या दोन देशांत तो करार लागूच झाला नाही, तरी एजंट सरसकट अपोस्टिलचे पैसे लावतात. ऑफिसने लेखी मागितल्याशिवाय करू नका.

निर्वासितांची गोष्ट वेगळी आहे. त्याला आपल्या देशाच्या एम्बसीत जाऊन कागद आण असं चुकूनही सांगू नका, त्याने त्याची केस आणि मागे राहिलेले घरचे दोन्ही अडचणीत येऊ शकतात. मान्यतेच्या अर्जाला नागरिकत्व किंवा व्हिसाचा प्रकार आड येत नाही, आश्रयाचा निकाल लागायचा असला तरी अर्ज करता येतो. कागद जळले, राहिले, वाटेत गेले, तर कारागिरीच्या धंद्यांसाठी क्वालिफिकात्सिओन्सआनालीझं नावाची सोय आहे. त्यात तज्ज्ञ माणूस समोर बसून कामाबद्दल बोलतो, नमुन्याचं काम करून दाखवायला सांगतो, आपल्या सिरियन शेजाऱ्याला उदाहरणार्थ एखादं पॅनल जोडायला देतील. इथे तुमचा उपयोग म्हणजे त्याच्याकडून त्या धंद्यातले जर्मन शब्द घोटून घेणं, हात चालतो पण अवजाराचं नाव आठवत नाही असं होतं.

पैशाचं आधी विचारायचं. माणसाचं नाव जॉबसेंटर किंवा आर्बाइट्सआगेंटूर या सरकारी रोजगार कचेऱ्यांकडे असेल तर फी, भाषांतर, कोर्स यांचा खर्च ते उचलू शकतात, पण खर्च करायच्या आधी अर्ज दिला तर. नंतर पावत्या घेऊन गेलं तर हात हलवत परत. जर्मन भाषेचा नोकरीसाठीचा कोर्सही त्यांच्याकडूनच मागा, नर्सला साधारण बी२ पातळीची जर्मन लागते, डॉक्टरला डॉक्टरी जर्मनची वेगळी परीक्षा असते, त्यात पेशंटशी बोलणं, मग रिपोर्ट लिहिणं, मग दुसऱ्या डॉक्टरला केस सांगणं, प्रत्येकी २० मिनिटं.

फाईल पूर्ण झाल्यावर निकालाला साधारण ३-४ महिन्यांची मुदत असते, आणि नर्सच्या बाबतीत बहुतेक वेळा डेफिझिटबेशाईड येतो. ते बघून मुली रडतात, नापास झालो म्हणून. ती नकाराची चिठ्ठी नाही, काय कमी आहे त्याची यादी आहे, नीट बसून वाचा. त्यापुढे दोन रस्ते, हॉस्पिटलमध्ये काम करत करत कोर्स किंवा थेट परीक्षा. परीक्षा लवकर उरकते पण बोलण्यात अजून अडखळत असेल तर मी कोर्सच घ्यायला सांगतो, कारण कोर्सच्या शेवटी परीक्षेऐवजी फक्त चर्चा असते. २०२४ पासून नर्सना आपल्या कागदांची जर्मन शिक्षणाशी सविस्तर तुलना नको म्हणून सांगून थेट यातलं एक घेता येतं, पण ज्यांचा आठ-दहा वर्षांचा आयसीयूचा अनुभव आहे त्यांनी ते करू नये, त्यांची तुलना होऊ द्या, यादी बरीच लहान होऊ शकते.