अंगणातली लगोरी: आधी बूड पक्कं करा

सुट्टीत अंगणात लगोरी मांडताना सगळा जीव असतो तो खालच्या दगडात. गवतावर किंवा भुसभुशीत मातीत सात लगोऱ्या उभ्याच राहत नाहीत, मग पोरं भांडतात. खाली एक जुनी फरशी सपाट बसवा. त्यावर सर्वांत रुंद चपटा दगड, वर क्रमाने लहान. फरशीचे तुकडेही चालतात, फक्त धारदार कडा खडबडीत दगडावर घासून घ्या. चेंडू जुना टेनिसचा किंवा चिंध्यांचा. कडक रबरी चेंडू पाठीत बसला की रडारड ठरलेलीच. कमरेखालीच मारायचं, हे आधीच ठरवा. मातीचं अंगण असेल तर ऊन उतरल्यावर हलका सडा मारा, धूळ बसते. चिखल मात्र नको, पाय घसरतात.