दूरच्या ओळखीतून नोकरी: मराठवाड्यातील तरुणांसाठी ऑनलाइन शोधाची पद्धत

वाळूज, शेंद्रा, जालना किंवा चाकण येथील कारखान्यात एखादी जागा रिकामी होते, तेव्हा तिची जाहिरात पोर्टलवर येण्याआधीच तिथे काम करणाऱ्या माणसांना ती ठाऊक झालेली असते. परभणी, हिंगोली, बीड किंवा धाराशिव येथे बसून मोबाइलवर रोज पन्नास ठिकाणी ‘अप्लाय’चे बटण दाबणाऱ्या मुलापर्यंत ती बातमी उशिरा पोहोचते किंवा पोहोचतच नाही. म्हणून ऑनलाइन साधने वापरताना अर्धा वेळ अर्ज करण्यास आणि उरलेला अर्धा वेळ माणसांपर्यंत पोहोचण्यास द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

ही माणसे बहुधा जवळची नसतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना ती बातमी देणारी व्यक्ती किती वेळा भेटत असे, हे विचारले होते. निम्म्याहून अधिक लोकांनी ती अधूनमधून भेटत असल्याचे सांगितले आणि एक चतुर्थांशाहून अधिक लोकांच्या बाबतीत ती क्वचितच भेटणारी निघाली. याचे कारण सरळ आहे: काका, मामा आणि जिवलग मित्र यांना जे माहीत असते, ते बहुतेक आपल्यालाही माहीत असते, नवी बातमी मात्र दोन वर्षे पुढे असलेल्या, वसतिगृहात कधीतरी बोलणे झालेल्या विद्यार्थ्याकडे असते.

अशा माणसांशी बोलण्याआधी थोडी पूर्वतयारी करावी लागते. पहिली गोष्ट म्हणजे स्वतःचा ईमेल. प्रवेशाचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना नेट कॅफेवाल्याने काढून दिलेला ईमेल आणि त्याला जोडलेला त्याचाच मोबाइल क्रमांक, यावर पुढे मुलाखतीची पत्रे येऊन पडतात आणि ती कोणी उघडत नाही. नवा ईमेल स्वतः काढावा, पासवर्ड वहीत लिहून ठेवावा आणि अर्जावर दिलेला मोबाइल क्रमांक नोकरी लागेपर्यंत बदलू नये. गुणपत्रिका डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये घेऊन ठेवाव्यात.

बायोडेटा एका पानाचा असावा आणि पीडीएफ करूनच पाठवावा. वडिलांचे नाव, जात, वैवाहिक स्थिती ही माहिती खासगी कंपनीच्या बायोडेटात लागत नाही. त्या जागेत काम लिहावे. ‘मेहनती आणि प्रामाणिक’ या शब्दांवरून भरती करणाऱ्याला काहीही कळत नाही. ‘फॅनक कंट्रोलच्या व्हीएमसी मशीनवर सहा महिने जॉब सेटिंग, मायक्रोमीटर आणि बोअर गेजने तपासणी’ या ओळीवरून मात्र पुष्कळ कळते (व्हीएमसी हे संगणकाच्या नियंत्रणावर धातू कापणारे यंत्र, फॅनक ही ते नियंत्रण बनवणारी कंपनी). शिवाय पोर्टलवर उमेदवार शोधताना कंपनीची माणसे व्हीएमसी, फॅनक, टॅली, जीएसटी असेच शब्द टाकतात, आणि आपल्या प्रोफाइलमध्ये ते नसतील तर आपले नाव यादीत येतच नाही. गावाचे नाव लिहिताना ‘पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर येथे राहण्याची तयारी आहे’ हेही स्पष्ट लिहावे.

पोर्टलपैकी राज्य शासनाच्या महास्वयम्‌वर आणि केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर नोंदणी विनाशुल्क होते. जिल्ह्यातील पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळाव्यांची माहिती महास्वयम्‌वर मिळते. नोंदणीत अडचण आल्यास जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन विचारावे. नुकतेच आयटीआय, डिप्लोमा किंवा पदवी झालेल्यांनी शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवरही नाव घालावे, कारण अनुभव नसलेल्या मुलाला कारखान्याचे दार उघडण्याचा तो चांगला मार्ग आहे. नोकरी डॉट कॉमसारख्या ठिकाणी प्रोफाइल दर आठवड्याला उघडून काहीतरी अद्ययावत करत राहावे.

आता ओळखींकडे वळू. लिंक्डइन या व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळावर आपल्या महाविद्यालयाचे पान उघडून ‘ॲल्युमनाय’ या भागात गेल्यास, माजी विद्यार्थी कोणत्या शहरात आहेत, कोणत्या कंपनीत आहेत आणि कोणते काम करतात, हे निवडून पाहता येते. नांदेडच्या एसजीजीएस अभियांत्रिकी संस्थेत किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्यांना अशी शेकडो नावे सापडतील. लहान महाविद्यालयातील मुलांना कमी सापडतील, पण तेवढी सुरुवातीला पुरतात. आपल्याहून दोन ते पाच वर्षे पुढे असलेली माणसे आधी निवडावीत, कारण त्यांना स्वतःची धडपड अजून आठवत असते. त्यांना असा संदेश लिहावा:

‘नमस्कार सर. मी आपल्याच महाविद्यालयातून यंदा मेकॅनिकल डिप्लोमा पूर्ण केला आहे; गाव सेलू. आपण वाळूजमध्ये क्वालिटी विभागात आहात, असे प्रोफाइलवर पाहिले. या विभागात नवीन मुलगा घेताना त्याला कोणती उपकरणे हाताळता यायला हवीत आणि भरती कंपनी थेट करते की कंत्राटदारामार्फत, एवढेच विचारायचे होते. सवडीने सांगितले तरी चालेल.’

या संदेशात नोकरी मागितलेली नाही आणि बायोडेटाही जोडलेला नाही, हे मुद्दाम केले आहे. ‘सर, काही जॉब असेल तर बघा’ या वाक्याला समोरचा माणूस उत्तर देऊ शकत नाही, कारण त्याच्या हातात बहुधा जागा नसते. माहिती मात्र असते, आणि ती द्यायला त्याला बरे वाटते. उत्तर आले की आभार मानावेत, सांगितलेली गोष्ट खरोखर शिकावी आणि ती शिकल्याचे महिन्याभराने कळवावे. तेव्हा त्या माणसाकडूनच बहुधा बायोडेटा मागितला जातो. उत्तर आले नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण करावी.

आयटीआयच्या मुलांपैकी अनेकांचे लिंक्डइनवर खाते नसते. त्यांच्यासाठी बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि आपले शिल्प निदेशक ही मोठी ठिकाणे आहेत. कोणत्या कंपनीत कोणता जुना विद्यार्थी आहे, हे निदेशकांना तोंडपाठ असते. मुलींनी शक्यतो त्याच कंपनीतील एखाद्या ताईला गाठून रात्रपाळी, कंपनीची बस आणि राहण्याची सोय यांविषयी आधीच विचारून घ्यावे. जाहिरातीत हे लिहिलेले नसते.

नोंदणी शुल्क, सुरक्षा ठेव किंवा जॉइनिंग किट अशा नावाने कोणी पैसे मागितले, तर तो व्यवहार तिथेच थांबवावा. नावाजलेल्या कंपनीचे पत्र साध्या जीमेलवरून आले असेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावरील क्रमांकावर फोन करून खात्री करावी. पैसे गेलेच असतील तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करावी. जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

रुजू होण्याआधी आपण कंपनीच्या रोलवर (म्हणजे थेट तिचे कर्मचारी) आहोत की कंत्राटदाराच्या, हे नेमणूकपत्रात वाचून घ्यावे. पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर यूएएन, म्हणजे त्या निधीच्या खात्याचा आपला कायमचा क्रमांक, मागून घ्यावा आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेनंतर केंद्र सरकारच्या उमंग ॲपवर पासबुक उघडून ती रक्कम खरोखर जमा झाली आहे का, ते पाहावे.